पाऊस सरला, लेण्यांपर्यंत चालत जाऊ या



आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. पावसाचे तीन महिने एका जागी राहिलेले भिक्खू पवारणा झाल्यावर पुन्हा चारिकेला, म्हणजे पायी फिरायला, निघत. आपल्या विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाची सांगता होते, खीरदान होते आणि आपण घरी येतो. त्यापुढची चारिका मात्र आपल्याकडून राहून जाते. या महिन्याच्या आरोग्य पानावर तेच सांगायचे आहे. पाऊस गेल्यापासून थंडी सरेपर्यंतचे दिवस मुंबईच्या आसपास चालायला सगळ्यात चांगले. आणि आपल्याला जवळची, स्वस्त आणि एका दिवसात जाऊन येता येतील अशी ठिकाणे म्हणजे आपली लेणी.

वस्तीत बीपी-शुगर तपासायला बसते तेव्हा मी प्रत्येकीला चालायला सांगते. ठरलेले उत्तर येते, "ताई, आम्ही दिवसभर चालतोच की. चार घरची धुणीभांडी, पाण्याच्या रांगा, जिने. आणखी कुठे चालायचे?" हे खोटे नाही. हे कष्ट शरीराला लागतात आणि मोजलेही जातात. पण दहा बाय दहाच्या खोलीत वाकून, उभे राहून, ओझे उचलून केलेल्या कामात कंबर आणि गुडघे झिजतात. हृदयाला आणि फुप्फुसांना मात्र एका लयीत सलग अर्धा तास काम मिळत नाही. मनाला तर अजिबात सुटी नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. नियमित चालण्याने बीपी उतरायला मदत होते, शुगर आटोक्यात राहते, झोप लागते. बुद्धांनीही चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. अंगुत्तर निकायात ते आहेत. प्रवासाची ताकद येते, कष्टाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि लागलेली एकाग्रता टिकते. नर्सिंगच्या पुस्तकात मला यापेक्षा फार वेगळे काही शिकवले नव्हते.

महिन्यातून एका रविवारी लेण्यांवर गेल्याने १५० मिनिटांचा हिशेब पुरा होत नाही. तरी जावे, कारण तिथे जायचे ठरले की बाया महिनाभर संध्याकाळी चालण्याचा सराव करतात. हे मी आमच्या महिला मंडळात पाहिले आहे. नुसते "चाला" म्हटले की कोणी चालत नाही.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. आमची पहिली सहल कान्हेरीला गेली ती ऑक्टोबरच्या शेवटी. मी बरोबर नर्स म्हणून होते, प्रथमोपचाराची पेटी घेतली होती, पट्ट्या, मलम, सगळे होते. लेण्यांच्या पायऱ्या चढताना एक मावशी मागे राहू लागल्या. घाम फुटला, हात थरथरत होते, सुनेवर उगाच चिडून बोलू लागल्या. मला वाटले ऊन लागले. सावलीत बसवले, पाणी दिले. फरक पडेना. मग विचारले, सकाळी काय खाल्ले? गाडी चुकेल म्हणून नुसता बिनसाखरेचा चहा घेतला होता आणि शुगरची गोळी मात्र न चुकता घेतली होती. त्यांची साखर उतरली होती. माझ्या पेटीत साखर नव्हती! एका मुलाच्या दप्तरात फ्रूटी होती, ती त्यांना पाजली. पंधरा मिनिटांत त्या माणसात आल्या. मुलाकडे ती नसती तर काय झाले असते, हे मला आजही नको वाटते. निघण्याआधी कोण कसली गोळी घेते हे विचारणे माझे काम होते. ते मी केले नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम असा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने पोटभर नाश्ता केल्याशिवाय गाडीत चढायचे नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर एकदम उतरू शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर तसे सहसा होत नाही. आपली गोळी कोणती ते पाकिटावर बघा, वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला लावा. जास्त चालायच्या दिवशी डोस तोच ठेवायचा की कमी करायचा, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून घ्या, मनाने गोळी सोडू नका. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर हवीच. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी यातले काही वाटले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि बसायचे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तीन चमचे. बरे वाटल्यावर पोळी किंवा बिस्किट खायचे, नाहीतर साखर परत उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आता कुठे जायचे ते.

ज्यांना अजिबात सवय नाही त्यांनी अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांपासून सुरुवात करावी. जुने नाव कोंडिविटे. एका टेकाडावर दोन्ही बाजूंना मिळून १९ लेणी आहेत आणि अर्ध्या दिवसात परत येता येते. आजी, लहान मुले, गुडघेदुखीवाले, सगळ्यांना झेपते. दम किती लागतो याचा अंदाज इथे येतो.

दुसरी पायरी कान्हेरी. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटे. दारातून लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता जंगलातून जातो आणि आतमध्ये बसही असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जाताना बस धरावी, लेणी चढावीत, आणि पायात ताकद उरली तर उतरताना रस्त्याने चालत यावे. उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, अधूनमधून पूल. नव्या माणसाला यापेक्षा सोपे चालणे मुंबईत मिळणार नाही. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे पुरातत्त्व खात्याचे वेगळे. सोमवारी बंद असते. जंगलात बिबटे आहेत, म्हणून रस्ता सोडून आत शिरायचे नाही, मुलांना पुढे पळू द्यायचे नाही आणि अंधार पडायच्या आत दाराबाहेर असायचे.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळजवळ हजार वर्षे तिथे वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. दान देणाऱ्यांच्या लेखांत कल्याण आणि सोपारा ही आपल्याच रोजच्या लोकलची गावे येतात. पण मला सगळ्यात जास्त आवडतात त्या पाण्याच्या पोढी. लेण्यालेण्यांबाहेर खडकात टाके खोदले आहे आणि वरून वाहणारे पावसाचे पाणी त्यात यावे म्हणून दगडात पन्हाळी कोरल्या आहेत. आठ महिन्यांचे पाणी साठवायचे, तेही एका डोंगरावर, हा विचार त्या काळी झाला होता. आपण मात्र आज हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभे राहतो. असो. पोढीतले पाणी आज पिऊ नका. त्यात जंतू असतात आणि पोट बिघडते.

तिसरी पायरी भाजे. आधी लोणावळ्यापर्यंत मेल गाडी आणि तिथून पुण्याकडे जाणारी लोकल, पुढचेच स्टेशन मळवली. स्टेशनापासून भाजे गाव रमतगमत अर्ध्या-पाऊण तासावर, शेतांमधून सपाट रस्ता, आणि मग डोंगराच्या पायऱ्या. दुपारी या लोकल फार विरळ असतात, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ लिहून घ्या. भाजे इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातले, म्हणजे आपल्या देशातल्या अगदी जुन्या लेण्यांपैकी. चैत्यगृहाच्या दक्षिणेला १४ स्तूपांचा एक गट आहे, काही आत, काही उघड्यावर. तिथे राहून गेलेल्या भिक्खूंची ती स्मारके, काहींवर नावेही कोरलेली आहेत. तिथे पाच मिनिटे गप्प बसून बघा.

कार्ले रेल्वेच्या दुसऱ्या बाजूला. चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वात मोठे, १२४ फूट लांब, आणि छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतर अजून जागेवर आहेत. दर्शनी भागाचे दार करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव तिथे कोरलेले आहे. राजे-शेठ यांच्या शेजारी एका कारागिराचे नाव, हे मुलांना आवर्जून दाखवा. पण कार्ल्याच्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वर एकवीरेचे देऊळ असल्याने नवरात्रात अलोट गर्दी असते. नवरात्र संपल्यावर जा. एका दिवसात भाजे आणि कार्ले दोन्ही करायचा हट्ट नको. भाज्याच्या वर लोहगड आहे, तोही सवय झाल्यावरच.

ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. पाऊस नुकताच गेलेला, आजूबाजूला हिरवे, त्यामुळे ऊन जाणवत नाही आणि अकरानंतर कातळ तव्यासारखा तापतो. मुंबईत या महिन्यात पारा सहज ३५ च्या वर जातो. चढण सकाळी दहाच्या आत संपली पाहिजे. नोव्हेंबरपासून जरा सैल वेळ चालते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दगडांवर शेवाळही असते, म्हणून गुळगुळीत प्लास्टिकची चप्पल अजिबात नको. नवे महागडे बूट घ्यायची गरज नाही, मुलांचे शाळेचे कॅनव्हासचे बूट आणि सुती मोजे उत्तम. नवे बूट मात्र आधी आठवडाभर घरात वापरा, नाहीतर फोड येतात. शुगर असणाऱ्यांच्या पायाला कधी कधी टोचलेले कळत नाही. त्यांनी निघण्याआधी बूट झटकून घ्यावेत आणि घरी आल्यावर तळवे उजेडात तपासावेत. तळव्याला जखम असेल तर ती भरेपर्यंत जाऊच नये.

आता पाण्याचे बोलू. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बायका याच गोष्टीत स्वतःला सगळ्यात जास्त छळतात. बाहेर जायचे म्हणजे शौचालय मिळेल की नाही या धास्तीने सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. काही जणी तर बीपीची "लघवीची गोळी" त्या दिवशी परस्पर सोडून देतात. मग दुपारी डोके दुखते, चक्कर येते, पायात गोळे येतात आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते. सहलीनंतरच्या आठवड्यात अशा तीन-चार जणी माझ्याकडे हमखास येत. भगिनींनो, उपाय पाणी तोडण्यात नाही, जागा आधी ठरवण्यात आहे. बोरिवली स्टेशन आणि उद्यानाचे दार, किंवा लोणावळा स्टेशन, इथे सगळ्या जणी एकदम जाऊन या. कोणी एक लाजली तर ती दिवसभर अडकून राहते, म्हणून गटाचा थांबा ठेवावा. पाळी असेल तरी यायला हरकत नाही. जादा पॅड, जुन्या वर्तमानपत्राचे कागद आणि पिशवी जवळ असावी, वापरलेले परत घेऊन यावे. गोळी सोडायची नाही, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

माणशी दोन लिटर पाणी घरून घ्या आणि तहान लागायची वाट न बघता थोडे थोडे प्या. घाम फार येत असेल तर ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हिंडायला निघालेल्या माणसाला पाणी काय असते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तेवढ्यावरून त्यांना शिवीगाळ झाली आणि किल्ला पाहताना पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर पहारा दिला गेला. त्यांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. आपण आज तिकीट काढून ताठ मानेने लेण्यांत जातो. मग आपल्याच बाटलीतले पाणी प्यायला का घाबरायचे?

चढायचे कसे? बोलत बोलत. चढताना शेजारणीशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही बरोबर चाल. बोलताही येत नसेल तर थांबा, लाज वाटून घेऊ नका. सगळ्यात हळू चालणारीला पुढे ठेवा, मागे ठेवले की ती धापा टाकत पळते. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी वर टाका आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली. एक काठी जवळ असू द्या. दम्याच्या माणसाचा पंप त्याच्या खिशात हवा, नवऱ्याच्या पिशवीत नको.

पंधरा-वीस पायऱ्यांतच एखादीला दम लागतो, छाती धडधडते, ओठ-नखे फिकी दिसतात. आपण म्हणतो, वय झाले, किंवा वजन वाढले. बहुतेक वेळा रक्त कमी असते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लेण्यावरून आल्यावर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत. आमच्या गटातल्या एका तरुण मुलीचे सात निघाले होते आणि घरचे तिला आळशी म्हणत होते.

काहींनी मात्र चढू नये. सकाळी मोजलेला बीपी १८० वर ११० किंवा त्याहून जास्त असेल, अंगात ताप असेल, चालताना छातीत दुखत असेल आणि त्याची तपासणी झाली नसेल, तर आधी डॉक्टर. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर चालावे, पायऱ्या नकोत. चढताना छातीवर दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, थंड घाम सुटला, तर तिथेच बसवा आणि १०८. बायकांमध्ये कधी नुसता दम आणि मळमळ एवढेच होते आणि "गॅस झाला" म्हणून लिंबू-सोडा पाजला जातो. त्यात वेळ जातो.

लेण्यात पोचल्यावर वंदना घ्यायची इच्छा होते, घ्यावी. पण मेणबत्ती-अगरबत्ती लावू नका. धुराने दगड काळा पडतो, आणि कातळाच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. धूर किंवा आरडाओरडा झाला की माश्या उठतात. उठल्याच तर हात न झाडता ओढणीने तोंड झाकून दूर पळा. माकडांसमोर प्लास्टिकची पिशवी हातात धरू नका, त्यांना ती खाऊच वाटते. डबा कापडी पिशवीत, आणि जेवण माकडे नसतील अशा जागी. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना भरू नका. गवतात साप असू शकतो, म्हणून पायवाट सोडू नका. चावलाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून रुग्णालयात न्या, सापावरची लस तिथेच मिळते.

घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ करा आणि कपडे लगेच धुवायला टाका. गवतातले बारीक किडे त्यात अडकून येतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील, दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतील. एकच पोटरी सुजून गरम लागली तर दाखवा. पुढच्या दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, अंगावर काळी खपली धरलेला डाग दिसला, किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आणि अंगदुखी झाली, तर डॉक्टरांना ताप एवढेच सांगून थांबू नका. "मी अमुक तारखेला डोंगरावर गेले होते" हेही सांगा. स्क्रब टायफस आणि लेप्टो हे दोन्ही ताप वेळेत ओळखले तर साध्या गोळ्यांनी बरे होतात, आणि ओळखायला डॉक्टरांना हीच एक गोष्ट कळावी लागते.